फोनवरचा डॉक्टर आणि कायद्याची चौकट

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

गेल्या पावसाळ्यात आमच्या आजीच्या पायांना सूज आली. तिला रक्तदाबाचा विकार जुना आहे. गेली सहा-सात वर्षे ती रोज एक गोळी घेते. लावणीचे दिवस होते, ओढ्याला पाणी होते आणि एस. टी. दोन दिवस गावात आलेली नव्हती. शहरातील एका नातेवाइकाने जाहिरातीत आलेला एका डॉक्टरचा फोन नंबर पाठविला. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून फोन माझ्या हाती देण्यात आला. पलीकडच्या गृहस्थांनी आजीचे नाव विचारले नाही, वय विचारले नाही, कोणती गोळी चालू आहे हेही विचारले नाही. तीनशे रुपये पाठवावयास सांगितले आणि पाच मिनिटांत तीन औषधांची नावे संदेशातून धाडली.

ओढा उतरल्यावर वडील तालुक्याला गेले. औषधाच्या दुकानदाराने संदेश वाचला आणि फोन परत देत तो म्हणाला, "काका, ही चिठ्ठी नव्हे, हा निरोप आहे. ह्याच्यावर डॉक्टरचं नाव कुठंय?" वडील रिकाम्या हाताने परत आले. मला त्या दुकानदाराचा फार राग आला.

पुढे ही हकिकत मी आमच्या राज्यशास्त्राच्या सरांना सांगितली. ते म्हणाले, "रागावण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते शोध." शोधल्यावर कळून आले की दुकानदाराचे बरोबर होते. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडावयाचे आहे.

एका फोनमध्ये तीन सूची

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची व समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत, हे आपण प्रथम वर्षालाच शिकतो. परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. परंतु आजारी माणसाने डॉक्टरला फोन लावला की या तिन्ही याद्या एकदम जाग्या होतात.

टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी संदेश आणि तत्सम दळणवळणाची साधने संघसूचीतील ३१ व्या नोंदीत येतात. म्हणजे फोनची तार केंद्राच्या हाती. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने ही राज्यसूचीतील ६ वी नोंद. म्हणजे दवाखाना राज्याच्या हाती. वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीतील २६ व्या नोंदीत आहे आणि औषधे व विषे त्याच सूचीतील १९ व्या नोंदीत आहेत. म्हणजे डॉक्टर आणि त्याची गोळी या दोहोंवर केंद्र व राज्य दोघांचाही अधिकार चालतो.

या रचनेनुसार आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ हा कायदा आहे. त्याखाली डॉक्टरांची नोंदवही ठेवली जाते. नोंदवहीत नाव असल्याशिवाय ॲलोपॅथीचा व्यवसाय करता येत नाही. डॉक्टरांनी कसे वागावे याचे नियम मात्र देशपातळीवर ठरतात. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेले आचारसंहितेचे नियम त्यांपैकी प्रमुख होत.

नियम नव्हते तेव्हा

दूर बसून उपचार करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००१ साली उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेशातील अरगोंडा या गावचे रुग्णालय चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयाशी जोडले होते. तथापि हे सर्व प्रयोग म्हणून चालले. फोनवरून सल्ला देणे कायदेशीर आहे की नाही, याचे स्पष्ट उत्तर कोणत्याही नियमात नव्हते.

हा प्रश्न २०१८ साली आपल्याच राज्यात न्यायालयापुढे वेगळ्या वाटेने आला. रत्नागिरीच्या एका रुग्णालयात बाळंतपणानंतर घरी गेलेली एक स्त्री प्रकृती बिघडल्याने परत आली. डॉक्टर गावात नव्हते. फोनवरील सूचनांवरून तिला दाखल करून घेऊन औषधे देण्यात आली. पुढे ती स्त्री दगावली. संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये फेटाळला आणि निदान न करता औषध सांगण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. हा निर्णय जामीन अर्जापुरता होता. तो गुन्हा शाबीत झाल्याचा निकाल नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु त्यामुळे फोनवर सल्ला द्यावा की न द्यावा, अशी शंका वैद्यकीय क्षेत्रात निर्माण झाली. या निर्णयामुळे अनिश्चितता आल्याचा उल्लेख पुढे आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रस्तावनेतही आहे.

२०२० ची मार्गदर्शक तत्त्वे

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्या वेळी भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी काम पाहणाऱ्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या सहकार्याने ती तयार केली होती. मे २०२० मध्ये राजपत्राद्वारे ती २००२ च्या आचारनियमांना जोडण्यात आली. म्हणजे नुसता सल्ला न राहता त्यांना नियमाचे बळ आले. त्याच वर्षी आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथी यांच्यासाठीही स्वतंत्र तत्त्वे निघाली.

ही तत्त्वे वाचताना मी आमच्या त्या पाच मिनिटांच्या फोनशी एकेक कलम ताडून पाहिले.

पहिले, ओळख. रुग्ण कोण आणि डॉक्टर कोण, हे दोघांनाही कळले पाहिजे. डॉक्टरने आपले नाव व पात्रता सांगावी. चिठ्ठीवर, पावतीवर आणि संदेशावर आपला नोंदणी क्रमांक द्यावा. औषध लिहून द्यावयाचे असल्यास रुग्णाचे वय स्पष्टपणे विचारावे. अल्पवयीन रुग्णाबरोबर प्रौढ व्यक्ती असावी. आमच्या फोनमध्ये यातले काहीच घडले नव्हते.

दुसरे, संमती. रुग्णाने स्वतःहून फोन केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. परंतु डॉक्टर, आरोग्य कर्मचारी किंवा रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती यांनी फोन केला तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. आमची आजी आजही अंगठा उठविते. कागदावर अंगठा उठविताना ती निदान "ह्यात काय लिवलंय?" असे विचारते. फोन मीच लावला, मीच बोलले, आजीला कोणी काही विचारलेच नाही. सोप्यात बसलेल्या आजीच्या हातात फोन द्यावा हे मलाही सुचले नाही, ही माझीही चूकच होय.

तिसरे, औषधे. तत्त्वांमध्ये औषधांच्या चार याद्या आहेत. पहिल्या यादीत कोणत्याही मार्गाने, म्हणजे बोलून, पाहून किंवा लिहून, सांगता येतील अशी साधी औषधे आहेत. उदाहरणार्थ पॅरासिटामॉल किंवा क्षार-साखरेच्या पाण्याची पुडी. दुसऱ्या यादीतील औषधांसाठी पहिल्या भेटीत डॉक्टरने रुग्णाला व्हिडिओवर पाहिले पाहिजे. जुन्या विकाराची चालू गोळी पुन्हा लिहून देणे याच यादीत येते. तिसऱ्या यादीत आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच विकारासाठी द्यावयाची जादा औषधे आहेत. चौथी यादी निषिद्ध औषधांची. गुंगी आणणारी व व्यसन लावणारी, अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधे तीत येतात. ती फोनवरून सांगताच येत नाहीत. नवा विकार असेल, किंवा मागील सल्ल्याला सहा महिने उलटले असतील, तर ती पहिलीच भेट समजली जाते. योग्य निदान न करता औषध लिहून देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

चौथे, नोंद व पावती. सल्ल्याची नोंद आणि चिठ्ठीची प्रत डॉक्टरने जपून ठेवावी. फी घेता येते, पण पावती द्यावी लागते. रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई आहे. आमचा नंबर तर जाहिरातीतूनच आला होता!

पाचवे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फोनवर काम भागेल की रुग्णाला समक्ष पाहिले पाहिजे, याचा निर्णय डॉक्टरने स्वतःच्या विवेकाने करावयाचा आहे. तातडीच्या प्रसंगी त्याने प्रथमोपचार सांगून रुग्णाला जवळच्या दवाखान्यात पाठवावे. उलट रुग्ण दवाखान्यात येण्यास तयार असेल, तर डॉक्टरला फोनचाच आग्रह धरता येत नाही. यंत्रमानवी बुद्धीवर चालणाऱ्या प्रणालीने रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे याला या तत्त्वांनी परवानगी दिलेली नाही; अशी साधने डॉक्टरला मदत करू शकतात, पण चिठ्ठी माणसाचीच असली पाहिजे.

उपकेंद्रातील दुसरा फोन

त्या फसलेल्या फोननंतर चौथ्या दिवशी आजीला घेऊन मी शेजारच्या गावच्या उपकेंद्रात गेले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक ताई काम करतात. त्यांनी प्रथम आजीचा रक्तदाब, नाडी व वजन पाहिले. मग "आजी, मोठ्या डॉक्टरांशी बोलायचं का? तुमची माहिती त्यांना दाखवली तर चालेल ना?" असे विचारले. आजी माझ्याकडे पाहू लागली, तेव्हा ताई म्हणाल्या, "तिला नाही, तुम्हाला विचारतेय." आजी म्हणाली, "चालंल की."

ताईंनी ई-संजीवनी ही सरकारी सेवा सुरू केली. ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये ती घरून फोन करणाऱ्यांसाठीही खुली करण्यात आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले दिले गेले. मनाच्या आजारांसाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही वेगळी सेवा असून तिचा क्रमांक १४४१६ हा आहे.

पडद्यावर एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्यांनी नाव सांगितले, आजीचे नाव व वय विचारले, चालू गोळीचे पाकीट पडद्यासमोर धरावयास लावले. ताईंना आजीच्या नडगीवर अंगठ्याने दाबावयास सांगितले. तेथे खळगा पडून राहिला. आजी मला हळूच म्हणाली, "ह्या काचंतल्या बाईला माझ्या छातीतली धडधड ऐकू जाती व्हय गं?" डॉक्टरबाईंनी ते ऐकले. त्या म्हणाल्या, "नाही ऐकू येत, आजी. म्हणूनच मी नवी गोळी देत नाही. सूज ह्या गोळीने असेल, हृदयाची असेल, नाहीतर मूत्रपिंडाची. ते इथून सांगता येणार नाही. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि उद्याच्या उद्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन दाखवा." त्यांची चिठ्ठी आली. तिच्यावर नाव होते, नोंदणी क्रमांक होता आणि कोणकोणत्या तपासण्या कराव्यात ते लिहिलेले होते.

पहिल्या फोनवरील गृहस्थांना पाच मिनिटांत सर्व काही कळले होते. या बाईंना आपल्याला काय कळत नाही ते कळले होते. कायद्याने घालून दिलेला दर्जा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले.

अमेरिकेतील राज्ये आणि आपण

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे डॉक्टरला परवाना देण्याचे काम प्रत्येक घटकराज्याचे आहे. फोनवर किंवा पडद्यावर उपचार झाले तर ते रुग्ण ज्या राज्यात बसला असेल त्या राज्यात झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यामुळे नदीपलीकडच्या राज्यातील रुग्णाशी बोलण्यासाठी डॉक्टरला त्या राज्याचाही परवाना लागतो. ही अडचण कमी करण्यासाठी अनेक राज्यांनी आपसांत करार केला आणि २०१७ पासून त्याद्वारे परवाने मिळू लागले. तरीही एकच परवाना सर्वत्र चालत नाही. प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना फक्त लवकर मिळतो.

आपल्याकडे याउलट पद्धत आहे. कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर देशातील कोठल्याही भागातील रुग्णाला फोनवर सल्ला देऊ शकतो. गडचिरोलीच्या रुग्णाला पुण्याचाच काय, पण कोलकात्याचाही डॉक्टर मिळू शकतो. ही सोय मोठी आहे. मात्र गैरवर्तनाची तक्रार डॉक्टरची नोंदणी ज्या राज्यात असेल तेथील परिषदेकडे न्यावी लागते. यास्तव नोंदणी क्रमांक हाती नसेल तर दाराशी जाण्यापूर्वीच वाट संपते. आमची तशीच संपली.

दुसरी एक वाट आहे. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे डॉक्टर कोठेही असो, आपल्याला आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. परंतु येथेही पावती आणि नाव लागतेच.

नियमांची मांडणी अद्याप पक्की झालेली आहे असेही नाही. भारतीय वैद्यक परिषदेची जागा सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे आचारनियम काढले, पण तीन आठवड्यांतच, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, ते स्थगित ठेवून २००२ चेच नियम पुन्हा लागू केले. आपली आजाराची माहिती गुप्त राहावी यासाठी २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा वेगळा कायदाही संसदेने केला आहे.

'समक्ष या' म्हणण्याचा अर्थ

आता शेवटचा मुद्दा. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी वडील व मी आजीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. त्या दिवशी डॉक्टर रजेवर होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दोन दिवसांचे भाडे आणि वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. तेथे लघवी तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि सूज त्या जुन्या गोळीमुळेच आली असावी असे ठरले. गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांत पाय पूर्ववत झाले. संदेशातील तीन औषधांपैकी एकही औषध आजीला लागले नाही.

फोनवरील उपचारांचा नियम जेव्हा डॉक्टरला "समक्ष या" असे म्हणण्याचा अधिकार देतो, तेव्हा समक्ष जाण्याजोगी जागा आहे असे तो गृहीत धरतो. ती जागा निर्माण करणे व तेथे माणूस नेमणे हे त्या तत्त्वांचे काम नव्हे. ते राज्यसूचीतील सहाव्या नोंदीचे काम आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. पश्चिम बंगालमधील एका जखमी शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले, त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदाही केला.

फोन हा दवाखान्याकडे जाणारा रस्ता आहे. तो चांगला झाला म्हणून दवाखान्यातील खुर्ची रिकामी ठेवून चालणार नाही. उद्या कोणी "आता फोनवर डॉक्टर मिळतो, गावाला डॉक्टर कशाला?" असे म्हणू लागले, तर त्यास हा नियमच उत्तर आहे, कारण कोणत्या वेळी फोन पुरत नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आपणच पहिले शिकलेले आहोत. घरातील माणूस आजारी पडले की फोन आपल्याच हाती येतो. तेव्हा चार गोष्टी विचारावयास विसरू नये: आपले नाव काय, नोंदणी क्रमांक काय, चिठ्ठी मिळेल का, पावती मिळेल का. आणि पाचवी गोष्ट, जी मी पहिल्या वेळी केली नाही. फोन आजारी माणसाच्या हातात द्यावा आणि आधी त्याला बोलू द्यावे.